पोलिसी छायाचित्रांची साक्ष

मनुष्याचें छायाचित्र काढणें ही वरकरणी निरुपद्रवी क्रिया होय; परंतु तें कोणी काढविलें व कोणाच्या सोयीसाठीं, असें विचारतांच तिच्यांतील निरुपद्रवीपणा मावळतो. पोर्तुगीज दिग्दर्शिका सुझाना द सोझा दियश यांचा '४८' हा २००९ सालचा चित्रपट याच प्रश्नावर उभारलेला आहे.

पोर्तुगालांत १९२६ पासून १९७४ पर्यंत हुकूमशाही नांदली. त्या अठ्ठेचाळीस वर्षांवरून हें नांव आलें. राजकीय पोलिसांनीं कैद केलेल्या स्त्रीपुरुषांचीं छायाचित्रें सरकारी दफ्तरांत पडून होतीं. दीड तासाच्या ह्या कृतींत मुख्यतः तींच दिसतात. निवेदक कोणी नाहीं. दिसणारा चेहरा तरुण असतो. ऐकूं येणारा आवाज त्याच व्यक्तीचा, परंतु उतारवयांतला.

स्थिर चित्रांच्या ह्या मालिकेस चित्रपट कसें म्हणावें, अशी शंका कोणी घेईल. आम्हांस ती ग्राह्य वाटत नाहीं. चित्र इतका वेळ समोर राहतें कीं, प्रेक्षकाची दृष्टीच चळूं लागते. आरंभीं आपण तो चेहरा पोलिसांच्या नजरेनें पाहतों: थकलेले डोळे, आवळलेले ओठ, कोणी गुन्हेगार असावा! मग तो आवाज झोपूं न देतां केलेल्या छळाची हकीकत सांगूं लागतो, आणि त्याच डोळ्यांचा अर्थ पालटतो. चित्रांतील रेषाही बदललेली नसते. त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार मात्र पोलिसांकडून कैद्याकडे आलेला असतो. बोलतांनाचे विराम व निःश्वासही दिग्दर्शिकेनें गाळलेले नाहींत. ह्या संयमांत तिची खरी कला आहे.

आफ्रिकेंतील वसाहतींच्या कैद्यांची पाळी येते तेव्हां पडदा जवळजवळ अंधारतो. त्यांचीं तशीं छायाचित्रें हातीं लागलेलीं नाहींत. दुसरीं कोणतीं तरी चित्रें घालून ही उणीव झांकतां आली असती. तसें न केल्यामुळें जुलमाच्या दफ्तरांतही गोऱ्या-काळ्यांस समान जागा नव्हती, हें अधिक तीव्रतेनें जाणवतें. मराठी वाचकास हा अंधार परका वाटूं नये. गोवा १९६१ पर्यंत याच सत्तेखालीं होता, आणि १९४६ सालीं पकडलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांस ह्याच राजवटीनें पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यांत डांबलें होतें.

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. पोर्तुगालचा इतिहास अवगत नसलेला प्रेक्षक मधून मधून चांचपडत राहतो. प्रसंगाचा काळ सांगणाऱ्या चार ओळींनीं कृतीच्या गांभीर्यास बाध आला नसता. तरीही तिची योग्यता कमी होत नाहीं. माणसास ओळखून वेठीस धरण्यासाठीं सत्तेनें जें साधन निर्माण केलें, तेंच सत्तेविरुद्ध साक्षीदार म्हणून उभें करणें, हें थोड्याच कलावंतांस साधतें. दियश यांस तें साधलें आहे.