बिनआरशाच्या कॅमेऱ्याच्या पिढ्या: काय जुनं होतं, काय होत नाही



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला त्या दिवसापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. "सर, कुठला घेऊ?" आज सभागृहाच्या दारातसुद्धा दोघांनी विचारला. त्यांना म्हटलं, आधी ऐका, मग विचारा. कारण बरीच वर्षं या प्रश्नाला मी जे उत्तर देत होतो ते निम्मं चुकीचं होतं. ते मला एका लग्नाच्या अल्बमनं शिकवलं. त्याकडे येतोच.

आधी नाव. मिररलेस. एखाद्या वस्तूत काय नाही यावरून तिचं नाव पडावं ही गंमतच आहे. आपण बिनसाखरेचा चहा म्हणतो तसं. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर पाठवतो आणि वरचं प्रिझम ते आपल्या डोळ्यापर्यंत आणतं. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो, फोटो निघतो, आरसा परत खाली. तेवढा वेळ आपल्याला काहीच दिसत नाही. म्हणजे बघा, ज्या क्षणाचा फोटो काढला नेमका तोच क्षण फोटोग्राफरनं पाहिलेला नसतो!

२००८ साली पॅनासॉनिकनं लुमिक्स जी१ आणला आणि हा आरसा काढून टाकला. (२००४ मध्ये एप्सननं आर-डी१ नावाचा आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा काढला होता, पण तो लायकाच्या रेंजफाइंडर घराण्यातला. आजच्या गोष्टीत तो पाहुणा.) जी१ मध्ये डोळा लावायच्या खिडकीत एक बारीकसा पडदा होता, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. तो लाल, हिरवा, निळा हे रंग एकापाठोपाठ एक दाखवायचा. समोरचं स्थिर असेल तर ठीक, पण मान झटकन वळवली की रंग सुटे व्हायचे. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. "फोटो काढायचा की टीव्ही बघायचा?" त्यांचं फारसं चुकत नव्हतं. पण त्या टीव्हीत फोटो काढायच्या आधीच फोटो दिसत होता. आकाश पांढरंफटक पडणार का, चेहरा काळा येणार का, हे बटण दाबण्यापूर्वी कळत होतं. माझ्या मते गेल्या सतराएक वर्षांतला मूळ बदल एवढाच आहे, पुढच्या सगळ्या त्याच्या सुधारणा.

मी या कॅमेऱ्यांच्या ढोबळ तीन पिढ्या करतो. ही वाटणी माझी आहे, कंपन्यांची नाही. पहिली २००८ ते २०११, चाचपडण्याची. त्यात जी१ आला, २००९ चा ऑलिंपस ई-पी१ आला, सोनीचे पहिले नेक्स आले. ई-पी१ ला तर व्ह्यूफाइंडरच नव्हता. दुसरी २०१२ ते २०१६. तिसरी २०१७ पासून आजपर्यंतची.

माझं मन अडकलंय ते दुसऱ्या पिढीत. कारण त्या पिढीतल्या प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा हट्ट होता. ऑलिंपसच्या ई-एम५ चा हट्ट असा की हात थरथरला तरी सेन्सर पाच दिशांनी सावरून घेईल. फुजीफिल्मच्या एक्स-प्रो१ चा हट्ट असा की शटर आणि ॲपर्चर बोटांनी फिरवून ठरवायचं आणि खिडकी काचेची हवी की पडद्याची ते एका खिट्टीनं निवडायचं. आणि सोनीच्या ए७ नं २०१३ मध्ये फिल्मच्या आकाराचा सेन्सर तळहाताएवढ्या खोक्यात बसवला. बॅटरी मात्र एवढीशी. प्रमाणित चाचणीत साधारण ३४० फोटो. एका चार्जमध्ये एका मुंजीचे फोटोसुद्धा व्हायचे नाहीत.

या पिढीवर आणखी एका कारणासाठी लोक जीव टाकतात. आरसा गेला म्हणून लेन्स आणि सेन्सरमधली जागा मोकळी झाली. कॅननच्या जुन्या ईएफ माऊंटमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर, सोनीच्या ई माऊंटमध्ये १८. मधल्या २६ मिलिमीटरमध्ये साधी पोकळ नळी बसवली की जवळजवळ कुठल्याही फिल्म कॅमेऱ्याची लेन्स चालते. आमच्या वडिलांच्या कपाटात ५० मिलिमीटरची एक लेन्स वीस-पंचवीस वर्षं पडून होती. पुण्याच्या पावसाळ्यानं काचेवर कडेला बुरशी धरलेली. ती मी पुसून लावली आणि आमच्या वाड्याच्या पाडकामाचे फोटो तिनंच काढले. हे सांगताना आवाज जरा हळवा होतो, मला कळतंय. नेमका हाच हळवेपणा मला नडला.

माझ्या ओळखीतली एक मुलगी लग्नाचे फोटो काढते. तिला नवा कॅमेरा घ्यायचा होता, हप्त्यावर. माझा सल्ला विचारला. मी म्हटलं, कशाला? सोळा मेगापिक्सेलचा फोटो रुंदीला साधारण ४९०० बिंदूंचा असतो. अठरा इंची अल्बमच्या पानावर तो इंचाला २७० बिंदूंनी छापला जातो, आणि हातात अल्बम धरून बघणाऱ्याला त्यात काही कमी जाणवत नाही. सेन्सर २०१२ मध्येच पुरेसा झालाय, बाकी जाहिरात आहे. हा हिशोब आजही बरोबर आहे. तिनं दुसऱ्या पिढीतला एक जुना कॅमेरा घेतला. कुठला ते सांगत नाही, दोष त्याचा नव्हता, सल्ला माझा होता.

मे महिना, मंगल कार्यालय, वरून पिवळे दिवे आणि खिडकीतून पांढरं ऊन. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, आणि कॅमेऱ्यानं फोकस धरला तो हवेतल्या अक्षतांवर. अक्षता सुरेख आल्या होत्या. एकेक तांदूळ मोजून घ्यावा! मागे नवरी धूसर. पुढचे तीन फोटोही तसेच. अल्बम बघताना नवरीच्या आईनं विचारलं, "हार घालतानाचा नाही का गं एखादा?"

ती माझ्याकडे आली तेव्हा भांडायला आली नव्हती. शांतपणे म्हणाली, "सर, तुमचा फोटो हुकला तर तुम्ही पुढच्या रविवारी पुन्हा जाता. माझ्या नवरीपुढे अंतरपाट परत कोण धरणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मग लक्षात आलं की जुन्या कॅमेऱ्यांच्या मोहिनीबद्दल आपण जे लिहितो-बोलतो त्यातलं बरंचसं अशा माणसांनी लिहिलेलं असतं ज्यांना चुकायची मुभा आहे. मी त्यातलाच. हळू फोकस म्हणजे आम्हाला शिस्त, लहान बॅटरी म्हणजे आम्हाला संयम. जिचं महिन्याचं भाडं त्या एका फोटोवर आहे तिला सांगून बघा संयम!

तिसऱ्या पिढीनं काय केलं तर तिनं ही भीती कमी केली. २०१७ चा सोनी ए९, मग २०१८ चा ए७-३, फुजीचा एक्स-टी३, त्याच वर्षी निकॉनची झेड मालिका आणि कॅननचा आर. ए७-३ ची बॅटरी चाचणीत ७१० फोटोंवर गेली, म्हणजे पहिल्या ए७ च्या दुप्पट. डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणं पहिल्या ए७ मध्येही नावापुरतं होतं, त्यासाठी वेगळं बटण दाबून धरावं लागायचं. एप्रिल २०१९ मध्ये ए७-३ ला नुसत्या फर्मवेअरनं ते आपोआप करता यायला लागलं. नवा कॅमेरा न घेता. २०१३ ते २०१८ ही उडी जेवढी मोठी, तेवढी २०१८ नंतरची कुठलीच मला वाटत नाही, निदान लग्नात फोटो काढणाऱ्यासाठी तरी. त्या मुलीनं शेवटी २०१८ चाच एक कॅमेरा वापरलेला घेतला, हप्ता न लावता. या वेळी मला विचारलं नाही.

पण नव्याची फुशारकीही तपासून घ्यायला हवी. आरसा गेल्यावर पुढची पायरी म्हणजे शटरही इलेक्ट्रॉनिक, पूर्ण निःशब्द. सवाईला पुढच्या रांगेत बसून खर्जातल्या सुरांवर खटक्-खटक् ऐकलेल्या माणसाला हे वरदान वाटेल. मलाही वाटलं. (बिनआरशाचा म्हणजे शांत असंही नाही बरं का. पहिल्या ए७-आरचं शटर चांगलंच आवाज करतं.) मग तोच मूक शटर घेऊन मी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर गेलो. ढोल वाजवणाऱ्याच्या हातातलं टिपरू फोटोत केळीसारखं वाकलेलं! कारण साधा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीनं वाचतो. शेवटची ओळ वाचेपर्यंत टिपरू पुढे गेलेलं असतं. आणि रथावरच्या एलईडी दिव्यांचे पट्टे सगळ्या चित्रावर. ए९ मधला थर रचलेला सेन्सर हे खूप वेगानं वाचतो, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला ए९-३ सगळ्या ओळी एकाच वेळी टिपतो. पण त्या किमतीत आपल्याकडे पथकासाठी कितीतरी ढोल येतील. लक्ष्मी रस्त्यावर मी आता यांत्रिक शटरच लावतो. तिथे त्याचा आवाज कुणाला ऐकू येणारे!

मग जुना कॅमेरा टिकतो कशावर? माझं उत्तर कंटाळवाणं आहे. माऊंट आणि बॅटरी. सॅमसंगचा एनएक्स१ आठवतो का कुणाला? २०१४ साली २८ मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ, तेव्हाच्या मानानं जबरदस्त यंत्र. एकदोन वर्षांत कंपनीनं दुकानच आवरलं. निकॉन १ मालिका २०११ ला आली, २०१८ ला संपली. कॅननचा एम माऊंट २०१२ ला आला आणि २०२३ मध्ये थांबला, त्याच्या लेन्स कॅननच्याच नव्या आर कॅमेऱ्यांना बसत नाहीत. हे कॅमेरे वाईट नव्हते, अनाथ झाले. उलट २००८ च्या जी१ ची लेन्स त्या माऊंटच्या आजच्या कॅमेऱ्यावर चढते, मध्ये ऑलिंपसचा कॅमेरा धंदा २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला तरीसुद्धा. आणि एक्स-प्रो१ ची बॅटरी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातली फुजीनं २०२४ च्या एक्स-एम५ मध्ये घातली. परीक्षणांमध्ये याला एक ओळ मिळते, तीही तळाशी.

आता जुन्या रूपाची जी लाट आली आहे तिच्याबद्दल थोडं कडू बोलतो. २०२३ चा निकॉन झेडएफ बघा. कॅमेरा उत्तम, वरच्या चकत्या पितळी, फिरवायला सुख. पण त्याच्यासोबत शोभावी म्हणून जी ४० मिलिमीटरची लेन्स दिली तिला जुनं रूप आहे, ॲपर्चरची कडी नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा फ्लॅटला लावला आणि आत कडीच नाही, तसं. २०११ च्या फुजी एक्स१०० मध्ये तसं नव्हतं, तिथे प्रत्येक चकती काहीतरी काम करते. आता त्याच्या २०२४ च्या सहाव्या अवतारासाठी लोक प्रतीक्षा यादीत नावं घालतात, आणि त्यातले बरेच त्या कॅमेऱ्यातल्या तयार फिल्मी रंगांसाठी. ज्या फिल्मचे रंग यांनी कधी पाहिले नाहीत तिची आठवण यांना येते! असो. माझंही वय झालं.

पण पहिल्या एक्स१०० ची एक गोष्ट सांगायलाच हवी. फोकसच्या बाबतीत तो सुरुवातीला बदनाम होता. जानेवारी २०१३ मध्ये त्याची पुढची आवृत्ती जाहीर झाली. म्हणजे याचा विषय संपला. तरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं या निवृत्त कॅमेऱ्यासाठी नवं फर्मवेअर काढलं, फोकस सुधारला. विकून झालेल्या, बंद झालेल्या वस्तूवर कुणीतरी बसून काम केलं. लोकांचा या कॅमेऱ्यावर जीव आहे तो नुसत्या रूपामुळे असं मला म्हणूनच वाटत नाही.

माझा तो २०११ चा एक्स१०० मी आज आणलाय. बारा मेगापिक्सेल. बॅटरी मूळची नाही, तिसरी आहे. पहिल्या रांगेपासून मागेपर्यंत फिरवा. आधी काचेच्या खिडकीतून बघा, मग पुढची खिट्टी ओढून पडद्यातून बघा, दोन्हींतला फरक कळेल. कार्ड आत आहे, एकमेकांचे फोटो काढलेत तरी चालेल. फक्त पट्टा गळ्यात घाला आणि लेन्सच्या काचेला बोट लावू नका.

आणि दारात विचारणारे ते दोघं कुठे बसलेत? आधी एवढंच सांगा, फोटो हुकला तर तुम्हाला परत जाता येतं का?