प्रकटीकरणातील मालाची यादी

नव्या करारातील अखेरचा ग्रंथ ‘प्रकटीकरण’ अलीकडे पर्यावरणाच्या चिंतेने पुन्हा वाचला जातो. झाडांचा एक तृतीयांश जळतो, नद्या कडू होतात, एवढे आढळताच काही भाष्यकार आजच्या प्रत्येक आपत्तीशी त्याची सांगड घालतात. ही रीत आम्हांस मान्य नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर सुरतेच्या घराघरांत शिरला, तो देवदूताच्या कर्ण्याने नव्हे. वरच्या अंगास पाऊस मुसळधार झाला हे खरे. परंतु उकाई धरणातून पाणी सोडले ते माणसांनी. त्यास भविष्यवाणी म्हटले की जाब कोणास विचारावयाचा?

ग्रंथाचे मर्म आमच्या मते अठराव्या अध्यायात आहे. बाबेल नगरी (म्हणजे रोम, असे अनेक पंडित मानतात) कोसळते, तेव्हा व्यापारी दूर उभे राहून रडतात. कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. मग त्या मालाची यादी येते: सोने, रत्ने, मोती, रेशीम, गहू, गुरे, आणि सर्वांत शेवटी माणसांचे जीव. हिऱ्यांच्या व कापडाच्या ह्या शहरात सहकारी शिक्षकांपुढे ती वाचताना आम्ही अडखळलो. पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होईल, हा अकराव्या अध्यायाचा आशय ह्या यादीशेजारी ठेवूनच वाचावयास हवा.

जुने जग जाणारच, तर ते जपावे कशास, हा आक्षेप पोकळ नाही. पुढे समुद्रही नाहीसा होतो. त्याचे समाधान आम्हांस अद्याप सापडलेले नाही. परंतु अखेरीस माणसे वर जात नाहीत, नगरीच खाली येते. तिच्यामधून नदी वाहते, आणि काठच्या झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात.