मुंग्या आल्या म्हणजे दुखणे गेले?

ऊसलागण आणि भांगलण करून कंबर-गुडघे धरलेली माणसे सातारा-सांगलीच्या गावोगाव भेटतात. तेव्हा घरी वापरायच्या ‘करंटच्या मशीन’ला तेथे गिऱ्हाईक मिळाले तर नवल नाही. बॅटरीवर चालणारी लहानशी डबी, दोन वायरी आणि कातडीला चिकटणाऱ्या चकत्या. चकत्या लावून बटण फिरवले की मुंग्या येतात, आणि त्या मुंग्याच गुणाचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. आमचा आक्षेप आहे तो या पुराव्यावर, यंत्रावर नव्हे.

यंत्राचे नाव ‘टेन्स’. ते त्वचेवरून मज्जातंतूंना विजेचे हलके झटके देते. त्यामागची कल्पना रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडली. कोपर आपटले की आपण ते चोळतो, ते का? स्पर्शाचा निरोप नेणारे तंतू जाड आणि वेगवान, तर रेंगाळणाऱ्या ठणक्याचे तंतू बारीक. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. मज्जारज्जूत स्पर्शाच्या निरोपांची गर्दी झाली की वेदनेचे दार काहीसे लोटले जाते. या कल्पनेचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. शरीराची स्वतःची अफूसदृश वेदनाशामक यंत्रणाही अशा झटक्यांनी जागी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

म्हणजे मुंग्यांवरून कळते ते इतकेच, की तंतू चेतले. झिजलेली कूर्चा त्यामुळे भरून येत नाही. निरोप अडला, तो पाठवणारा गुडघा होता तसाच आहे.

मग वेदना तरी कमी होते का? वर्गात चर्चेला घ्यावा असा प्रश्न हा आहे. गोळीच्या चाचणीत तशीच दिसणारी नकली गोळी देता येते. नकली मशीनने मात्र मुंग्या येत नाहीत, आणि रोगी ते चटकन ओळखतो! शिवाय बऱ्याच चाचण्या अगदी लहान. जुनाट दुखण्याविषयीच्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याला ठाम निष्कर्ष काढता आला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असे सुचवले. उलट २०२२ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या ३८१ चाचण्यांच्या विश्लेषणात नकली उपचारापेक्षा वेदना कमी आढळली, पण यंत्र चालू असताना किंवा त्यानंतर लगेच. विकताना हे शेवटचे शब्द गळाले, की तात्पुरत्या आरामाचा कायमचा इलाज होतो.

हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, गरोदरपणी पोटावर किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर चकत्या लावू नयेत. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप आला, तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी सातारा, सांगली किंवा मिरजेचे रुग्णालय गाठावे. आराम वाटतो म्हणून अशी तपासणी लांबली, तर दोनचार हजार रुपयांपेक्षा फार मोठे नुकसान होते.

ज्यांच्या घरी यंत्र आहेच, त्यांनी एक वही करावी. वेदनेला ० ते १० असा आकडा द्यायचा: लावण्यापूर्वी, चालू असताना आणि काढल्यावर दोन तासांनी. पंधरवडाभर नोंदी ठेवून मोठ्या मुलांना त्यांचा आलेख काढायला सांगावे.