कंपनीच्या खतावण्या आणि हिंदी कापड
(ग्रंथपरीक्षण)

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें आशियांतून विलायतेस कोणता माल, किती व काय भावानें नेला, हें पाहावयाचें असल्यास प्रा. कीर्ति नारायण चौधुरी यांचा ‘दि ट्रेडिंग वर्ल्ड ऑफ एशिया अँड दि इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनी, १६६०–१७६०’ हा १९७८ सालीं केंब्रिज येथें प्रसिद्ध झालेला ग्रंथ हातीं घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. कंपनीच्या लंडनमधील कीर्दी व खतावण्या तपासून ग्रंथकारांनीं गणकयंत्राच्या साह्यानें १६६४ पासूनचे वर्षवार तक्ते सिद्ध केले आहेत. इतक्या चिकाटीचें काम एकहातीं क्वचितच होतें.

१६६४ च्या सुमारास कंपनी कापडाचीं अडीच लाखांच्या आसपास थानें नेत असे. वीस वर्षांत हा आंकडा पंधरा लाखांच्या वर गेला. विलायतेंतील विणकरांनीं ओरड केली. १७०० च्या कायद्यानें रंगीत व छापील हिंदी कापड तेथें वापरण्यासाठीं आणण्यास बंदी झाली. १७२१ च्या कायद्यानें छापील सुती कापड अंगावर घालणेंही गुन्हा ठरला. ही बंदी १७७४ पर्यंत टिकली. केवळ कायद्याचा मजकूर वाचून ‘व्यापार बुडाला’ असें लिहिण्याची आपल्याकडे रूढी आहे. त्या लेखकांनीं हे तक्ते अवश्य पाहावे. व्यापार बुडाला नाहीं. कोरें कापड १७२१ पर्यंत लंडनांत छापलें जात होतें, आणि रंगीत माल तेथून यूरोप, आफ्रिका व अमेरिका इकडे रवाना होत होता.

येथपर्यंत आमचा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो आंकड्यांवरून काढलेल्या अनुमानांवर. थान हें माप मुळींच एकरूप नव्हे. मद्रासकडील लाँगक्लॉथचें थान ३५ ते ४० वारांचें, तर सालेमपुरीचें सुमारें १६ वारांचें. गणतींत मात्र दोन्ही एकेकच. ग्रंथकारांस हें ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनीं थानांबरोबर किमतीही दिल्या आहेत. परंतु ही किंमत कोणाची? बंदरावरील वखारवाल्यानें बीजकांत लिहिलेली. तींत दलालाचा वाटा किती, वाटेवरील जकात किती, आणि दादनी घेऊन माग चालविणाऱ्या साळ्या-कोष्ट्याच्या हातीं काय पडलें, हें खतावणी सांगत नाहीं. असें असतां हिंदी माल विलायतेंत खपला तो येथील मजुरी अल्प म्हणून, हें मत या ग्रंथामुळें दृढ झालें. १९९८ सालीं प्रसन्नन् पार्थसारथी यांनीं दक्षिणेकडील विणकरांची खरी मिळकत इंग्रज विणकराच्या तोडीची होती, असें प्रतिपादून त्यास हरकत घेतली. वाद महत्त्वाचा आहे. कारण श्रीमंत राष्ट्रांत परदेशचा माल स्वस्त कां पडतो, या आजच्या चर्चेंतही हेंच मत गृहीत धरलें जातें. परंतु वादी व प्रतिवादी या उभयतांचा मुख्य आधार कंपनीचेंच दप्तर!

या दप्तरांतील नुसता आंकडा किती फसवा असूं शकतो, याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीबद्दल १६७४ सालीं रायगडावर हेन्री ऑक्झिंडन याच्याशीं १०,००० होनांवर तडजोड ठरली. ही रक्कम रोख द्यावयाची नव्हती. ग्रँट डफ म्हणतो त्याप्रमाणें इंग्रजांनीं तीन वर्षें दरसाल ५,००० होनांचे नारळ व सुपारी घ्यावी, पैसे निम्मेच द्यावे, आणि उरलेले २,५०० होन राजापूरच्या जकातींतून वळते करावे, असें ठरलें होतें. प्रत्यक्षांत किती वळतें झालें, हा प्रश्न निराळा. पण अशी खरेदी निम्म्या भावानें खतावणींत चढली असती, तर तिच्यावरून कोंकणांतील सुपारीचा बाजारभाव काढणारा काय निष्कर्ष काढील? पुण्याच्या शिवचरित्र-कार्यालयानें १९३१ सालीं शिवाजीविषयक इंग्रजी कागद छापले, तेव्हांच वखारींचीं पत्रें हीं खतावणीहून बोलकीं असतात हें आपल्या संशोधकांस कळून चुकलें होतें. चौधुरींनींही पत्रें पुष्कळ वाचलीं आहेत. परंतु तीं वाचूनही मराठ्यांच्या स्वाऱ्या त्यांच्या विवेचनांत बहुधा ‘व्यत्यय’ म्हणूनच उरतात. ज्या राज्यास जकात मिळत होती व जें मोहतर्फा घेत होतें, त्याचा हिशेब त्यांत नाहीं.

याचा दोष एकट्या ग्रंथकाराचा म्हणतां येणार नाहीं. तो हिशेब मोडींत आहे, आणि आम्हीं तो छापलेला नाहीं. आमच्या संग्राहकांचा ओढा सनदा, महजर व वंशावळी यांकडे; रुमालांत जकातीचे तर्जुमे किंवा सावकारी वह्या निघाल्या कीं त्या ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, आणि पुष्कळदां वाळवीच्या स्वाधीन होतात. खानदेश व वऱ्हाडाकडील पेठांच्या वह्यांकडे तर फारच थोड्यांनीं पाहिलें आहे. थानाची लांबी, पन्हा, जकात आणि विणकरास दिलेली उचल हीं चार कलमें एकत्र आढळणारी एखादी वही जरी पुढें आली, तरी चौधुरींच्या तक्त्यांतील सुरतेचे रकाने पुन्हा तपासतां येतील.