संदेश, दूत आणि ग्राही : एका शास्त्रीय रूपकाची चिकित्सा

डोपामीन मेंदूतील पेशीला ‘संदेश’ देते, पेशीपटलातील ‘ग्राही’ तो स्वीकारतो आणि आतील प्रथिने तो पुढे पोहोचवितात, असे वर्णन जीवरसायनशास्त्राच्या ग्रंथांतून नित्य आढळते. ही सारी परिभाषा माणसांच्या बोलण्याचालण्यातून उसनी घेतलेली आहे. म्हणून तिची चिकित्सा करणे भाषाभ्यासकाच्या अधिकाराबाहेरचे ठरू नये.

प्रथम या रूपकाचे ऋण मान्य केले पाहिजे. मार्टिन रॉडबेल यांनी दळणवळणशास्त्रातून तीन कल्पना घेतल्या : संकेत ओळखणारा, त्याचे रूपांतर करणारा आणि त्याची शक्ती वाढविणारा. ग्राही आणि एंझाइम यांच्या दरम्यान तिसरा घटक असलाच पाहिजे ही अपेक्षा या मांडणीतूनच बळावली. या क्रियेस जीटीपी लागते हे रॉडबेल यांनी दाखविले. पुढे आल्फ्रेड गिलमन यांनी ते मधले जी-प्रथिन वेगळे काढले आणि १९९४ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. इतके फलदायी रूपक टाकाऊ कसे म्हणावे?

अडचण पुढे आहे. डोपामीन पेशीला काही ‘सांगते’ असे मानले की अर्थ त्या रेणूतच भरलेला आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. वस्तुतः तो रेणू ग्राहीतून आत जातच नाही. तो बाहेरून चिकटतो, ग्राहीचा आकार बदलतो, आतील जी-प्रथिन जीडीपी सोडून जीटीपी धरते. आणि येथे वाटा फुटतात. डी-१ व डी-५ या ग्राहींशी जोडलेले जी-प्रथिन चक्रीय एएमपीची निर्मिती वाढविते. डी-२, डी-३ आणि डी-४ यांच्याशी जोडलेले ती रोखते. रेणू एकच, परिणाम परस्परविरुद्ध. संदेश रेणूत असेल, तर तो एकाच दमात होकार आणि नकार देतो असे म्हणावे लागेल!

चक्रीय एएमपीला अर्ल सदरलँड यांच्या संशोधनापासून ‘दुसरा दूत’ म्हणतात. पण आपल्या कल्पनेतील दूताला धन्याचा निरोप ठाऊक असतो. यकृतात ग्लुकागॉन आले काय नि अॅड्रेनलिन आले काय, हा दूत तोच. आपल्याला कोणी पाठविले हे त्याच्या रचनेत कोठेही लिहिलेले नसते.

पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेत सापडलेले डार्प-३२ हे प्रथिन तर अधिक विचार करावयास लावते. त्याच्या ३४ व्या स्थानावरील थ्रिओनीनला फॉस्फेट जडला, तर ते फॉस्फेट काढणाऱ्या एका एंझाइमला रोखते. ७५ व्या स्थानी जडला, तर फॉस्फेट जोडणाऱ्या कायनेज-ए यालाच रोखते. चिन्ह तेच, कार्य स्थानावरून ठरते. ‘रामाला मारले’ आणि ‘रामाला भूक लागली’ यांतील ‘-ला’ प्रत्यय एकच. परंतु पहिल्यात राम मार खाणारा आहे आणि दुसऱ्यात अनुभव घेणारा, हे प्रत्यय सांगत नाही, वाक्याची रचना सांगते. (हेही एक रूपकच आहे, याची जाणीव लेखकास आहे.)

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. डोपामीन म्हणजे ‘सुखाचे द्रव्य’ असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ते निर्माण करणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी नष्ट झाल्यावर पार्किन्सनच्या रोग्याची हालचाल का मंदावते, किंवा डी-२ रोखणाऱ्या मनोविकारावरील औषधांनी तशीच लक्षणे का उद्भवतात, हे उलगडणार नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या ग्राहीवर, हा प्रश्न त्याच्या परिभाषेने त्याला विचारूच दिलेला नसतो.

मराठी परिभाषेपुरते बोलायचे तर ‘ग्राहक’ हा बाजारातला शब्द वगळून ‘ग्राही’ स्वीकारावा, आणि ‘संदेश’ऐवजी ‘संकेत’ म्हणावे. न्यायशास्त्रात संकेत म्हणजे शब्द व अर्थ यांच्या संबंधाविषयीचा ठराव. पेशींनी असा ठराव कधी केलेला नाही, म्हणून हाही शब्द निर्दोष नव्हे. तथापि अर्थ द्रव्यात बांधून पाठविल्याचा भास त्याने होत नाही.