‘नको’ म्हणता न येणारं मूल्यमापन

आजचा विषय पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन, म्हणजे सगळे ज्याला ‘ईआयए’ म्हणतात ते. या विषयावरची व्याख्यानं बहुधा अधिसूचनेतली कलमं सांगतात आणि संपतात. आम्ही आज वेगळं करणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं या अहवालांचं परीक्षण. लेखक कोण, लिहिलं कोणासाठी, काय सांगितलं, काय गाळलं? या अहवालांच्या भरवशावर नद्या, डोंगर आणि माणसांची घरं यांचं भवितव्य ठरतं. ते शेवटपर्यंत वाचणारे मात्र फार थोडे असतात.

आधी तत्त्व पाहू. अमेरिकेत १९७० च्या १ जानेवारीला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे १९९४ साली पहिली अधिसूचना निघाली. सध्या चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची, अर्थात असंख्य दुरुस्त्यांसह. तिच्यात चार पायऱ्या आहेत. प्रकल्पाला अभ्यास लागतो का याची छाननी, कशाकशाचा अभ्यास करायचा हे ठरवणं, लोकांचं म्हणणं ऐकणं आणि शेवटी तज्ज्ञ समितीची तपासणी.

या पायऱ्यांच्या मुळाशी तीन साध्या गोष्टी आहेत. प्रश्न निर्णयाच्या आधी विचारायचा. पर्याय खरोखर तपासायचे, त्यात ‘हा प्रकल्प करूच नये’ हाही पर्याय आला. आणि ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना विचारायचं. या तिन्हींपैकी एक काढली तरी उरतं ते मूल्यमापन नव्हे, नुसती कागदपत्रांची पूर्तता.

आता लेखकाकडे येऊ. अहवाल लिहितो सल्लागार. त्याला नेमतो आणि पैसे देतो प्रकल्प करणारा. परीक्षार्थीनेच परीक्षक नेमावा, असा हा प्रकार. सल्लागारांना अधिस्वीकृती लागते, ते चांगलंच आहे. पण अधिस्वीकृती पात्रता तपासते, हितसंबंध नाही. यातून काय घडू शकतं याचं उदाहरण कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातले परिच्छेदच्या परिच्छेद सापडले होते. कोकणच्या सड्यावर स्प्रूस आणि बर्चची जंगलं! लोक हसतात हे ऐकून. आम्हाला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही चोरी पकडली गेली, कारण कुणीतरी अहवाल वाचला. नकल इतकी उघड नसती तर?

उघड चोरी क्वचितच होते. नेहमीचा दोष जास्त सभ्य असतो. कुठलाही अहवाल उघडा आणि ‘पर्याय’ हे प्रकरण काढा. हवेच्या मोजणीला शेकडो आकडे आणि तक्ते, पण पर्यायांना दोन-तीन पानं. त्यात जागेचे दोन पर्याय असतात, तेही असे निवडलेले की ते नापास होणारच. ‘प्रकल्प न केल्यास’ या मथळ्याखाली एखादं वाक्य असतं, की विकासाची संधी जाईल. आमच्या मते अहवालाची खरी कसोटी या प्रकरणात आहे. ज्या अभ्यासाचं उत्तर ‘नको’ असं येऊच शकत नव्हतं, तो अभ्यास नव्हताच.

ही कसोटी आपल्या पुण्याला लावून पाहू. मुळा-मुठा नदीकाठ विकास प्रकल्प. मुळा २२.२ किलोमीटर, मुठा १०.४ आणि संगमानंतरची मुळा-मुठा ११.८, मिळून ४४ किलोमीटरहून जास्त नदी. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यस्तरीय प्राधिकरणाने पर्यावरण मंजुरी दिली आणि मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

पहिला प्रश्न असा, की हा प्रकल्प कुठल्या गटात बसवला? अधिसूचनेच्या परिशिष्टात ‘नदीकाठ सुशोभन’ असा गटच नाही. म्हणून तो जातो आठव्या गटात, म्हणजे इमारत बांधकाम आणि क्षेत्रविकास यात. हा गट मुळात मोठ्या गृहसंकुलांसाठी आहे, त्याची मोजपट्टी चौरस मीटर आणि हेक्टर. नदी तपासायची, पण फॉर्म इमारतीचा. या फॉर्ममध्ये वाहनतळ किती, कचरा किती, झाडं किती लावणार, हे नीट विचारलं जातं. पात्राची रुंदी, भूजलाशी असलेलं नातं, काठावरची झुडपं आणि गाळ हे प्रश्न इमारतीला पडत नाहीत, म्हणून फॉर्मलाही पडत नाहीत.

याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार आठव्या गटातल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. एका गृहसंकुलासाठी हे एक वेळ समजू शकतं. पण लाखो लोकांची वस्ती असलेल्या ४४ किलोमीटर काठाला तीच सूट लागू व्हावी? इथे नियम मोडला असा आमचा आरोप नाही. नियम पाळूनही तत्त्व कसं निसटतं, एवढंच आम्ही दाखवतो आहोत.

आता पुराकडे या. पुण्याला पुराची आठवण करून द्यावी लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते घराघरात सांगितलं जातं. पण अलीकडच्या दोन तारखा शेजारी ठेवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, अनेकांचा जीव गेला. हे पाणी धरणाचं नव्हतं, शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरउतारावरचं होतं. त्यानंतर दोन महिन्यांत नदीकाठ प्रकल्पाला मंजुरी मिळाली. पुढे २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेक होता. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. हा विसर्ग त्या १०० वर्षांच्या पुरापेक्षा कितीतरी लहान, आणि तरी घरं बुडाली. मग पात्राच्या कडेला बांध आणि भराव घालताना पाणी नेमकं कुठे जाणार, हा प्रश्न अहवालाच्या केंद्रस्थानी नको का?

महापालिकेचं म्हणणं असं, की रचना पुराचं पाणी सुरक्षितपणे वाहून नेईल. ते खरं ठरो. पण ते तपासायला पावसाळ्यातली नदी मोजावी लागते. अहवालांसाठी पायाभूत माहिती सहसा पावसाळा सोडून एका ऋतूची घेतली जाते. हवेसाठी याला कारण आहे, पावसात धूळ खाली बसते आणि आकडे खोटेच चांगले येतात. नदीसाठी मात्र तीच पद्धत उलटी पडते. आपल्या नद्या वर्षाचं बहुतेक पाणी त्या चार महिन्यांत वाहून नेतात. मे महिन्यातली मुठा पाहून मुठा कळत नाही.

आणखी एक दोष म्हणजे तुकडे पाडण्याची सवय. मैलापाणी शुद्धीकरणाचा, जपानी अर्थसाहाय्याचा, ११ केंद्रांचा प्रकल्प ही एक फाइल. काठ सुशोभन दुसरी. मेट्रोचे खांब मुठेच्या पात्रात, ती तिसरी. आणि मेट्रो परिशिष्टातच नसल्यामुळे तिला ईआयए लागतच नाही. पूल चौथी. प्रत्येक फाइल म्हणते, माझ्यामुळे फार काही बिघडत नाही. खरंही असेल. नदी मात्र एकच आहे आणि तिला सगळ्या फाइली एकदम सोसाव्या लागतात. एकत्रित परिणाम म्हणतात तो हाच.

‘निर्णयाच्या आधी’ हे तत्त्व कसं ढासळतं, ते वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी दिसतं. लवासाला राज्याच्या पर्यावरण विभागाने २००४ मध्ये मंजुरी दिली होती. केंद्राचं म्हणणं, तो अधिकार राज्याचा नव्हता. १९९४ ची अधिसूचना पर्यटन प्रकल्पांबाबत हजार मीटरवरच्या जागांचा उल्लेख करते, आम्ही त्याखाली बांधतो, असा बचाव झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राची कारणे दाखवा नोटीस आली, काम थांबलं आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी मिळाली. तोपर्यंत डोंगर कापून झाले होते. उभ्या शहराचं मूल्यमापन करताना ‘नको’ कोण म्हणणार?

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. काम आधी, मंजुरी नंतर ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला बेकायदा ठरवली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. पाडापाडीत जनतेचाच पैसा जाईल, हा बहुमताचा मुद्दा होता. तो हलका नाही. पण त्यातून बांधकाम करणाऱ्यांना मिळणारा संदेश आम्हाला धोक्याचा वाटतो, की जितकं जास्त बांधून ठेवाल तितकं पाडणं अवघड.

मग सगळंच व्यर्थ का? नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण बघा. आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील भागांची माहिती अर्जात दडली होती आणि तज्ज्ञ समितीने कारणंही नोंदवली नव्हती. २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित करून समितीला पुन्हा तपासायला सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. कुणी म्हणेल, मग मिळालं काय? मिळालं हे, की अर्जात खरं लिहा आणि निर्णयाची कारणं द्या, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. पुढच्या प्रत्येक अहवालाच्या वाचकाच्या हातात ते हत्यार आहे.

आमच्यावर एक आक्षेप नेहमी येतो, की तुम्हाला प्रत्येक गोष्टीला विरोधच करायचा असतो. शहराला रस्ते हवेत, पाणी हवं, नदीकाठी फिरायला जागा हवी. मान्य. म्हणूनच पर्यायांचं प्रकरण नीट लिहावं असा आमचा आग्रह आहे. आधी मैलापाणी थांबवा, काठ आहे तसा राखा, भराव न घालता पायवाट करा, यातला खर्च आणि फायदा काठविकासाशेजारी मांडा. त्यानंतर काठविकासच सरस ठरला तर विरोधकांनाही तो मान्य करावा लागेल. चांगला अहवाल प्रकल्पाचा शत्रू नसतो, वाईट अहवाल मात्र नक्की असतो. तो प्रकल्पाला न्यायालयात नेऊन सोडतो.

तेव्हा ऐकणाऱ्यांना विनंती. परिवेश या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, अहवाल, बैठकांची इतिवृत्तं असतात. आपल्या भागातला एक अहवाल निवडा आणि तीन जागा वाचा. गट कुठला लावला, मोजणी कुठल्या महिन्यांत झाली, पर्यायांना किती पानं दिली. जिथे जनसुनावणी लागते तिथे ३० दिवस आधी नोटीस निघते आणि सारांश मराठीतही द्यावा लागतो, तो मागून घ्या. लेखी हरकत द्या, कारण लेखी हरकतीची नोंद राहते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद. या न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ इथेच, पुण्यात आहे. मंजुरीनंतरही दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, तोही वाचा. तो प्रकल्पवालाच लिहितो, त्यामुळे कागदावर लावलेली झाडं जागेवर आहेत का, हे तुम्हीच जाऊन मोजू शकता.

अहवाल कुणी वाचणार नाही या खात्रीनेच तो तसा लिहिला जातो. ती खात्री मोडणं आपल्या हातात आहे. आता प्रश्न घेऊ.