धातुजटिलांची दीप्ती आणि पेशीतील डी.एन.ए. : एक चिकित्सा

पेशीतील डी.एन.ए. रुथेनियमच्या जटिल संयुगांच्या साहाय्याने उजळून पाहावा, ही कल्पना मोठी आकर्षक आहे. १९९० साली जॅकलिन बार्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डी.पी.पी.झेड. हा लिगंड असलेल्या रुथेनियम जटिलाचा एक विलक्षण गुणधर्म प्रसिद्ध केला. पाण्यात हे जटिल जवळजवळ प्रकाशतच नाही, डी.एन.ए.चा संयोग होताच मात्र ते उजळते. तेव्हापासून दिव्याच्या बटणाचे रूपक रूढ झाले. रूपक सोयीचे खरे. परंतु त्याने वस्तुस्थिती जितकी उकलली, तितकीच झाकलीही आहे.

हे बटण नेमके कशाने दाबले जाते, हा मूळ प्रश्न होय. लिगंडमधील नायट्रोजन अणूंशी पाण्याचे रेणू हायड्रोजन-बंध जोडतात आणि उत्तेजित अवस्थेची ऊर्जा प्रकाशावाचून विरते. लिगंड क्षारकांच्या जोड्यांमध्ये शिरला की पाणी दूर राहते व दीप्ती प्रकट होते. म्हणजे ही दीप्ती पाणी दूर असल्याची साक्ष देते, तेवढ्यावरून डी.एन.ए. सिद्ध होत नाही. ॲसिटोनायट्राइलमध्येही हेच जटिल प्रकाशते, आणि पेशीत स्निग्ध पटलांची वानवा नाही.

२००७ साली बार्टन यांच्याच प्रयोगशाळेत असे दिसले की, मेदस्नेही लिगंड जोडलेले जटिल हेला पेशींत सहज शिरते. पण त्याची दीप्ती मुख्यतः केंद्रकाबाहेरच राहते. उलट, शेफील्ड येथील संशोधकांनी २००९ साली वर्णिलेल्या, दोन रुथेनियम अणू असलेल्या जटिलाने जिवंत पेशींच्या केंद्रकातील डी.एन.ए. दाखविला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही ते उपयोगी ठरले. परीक्षानळीतील बंधनांकावरून पेशीतील वर्तन ठरत नाही, हाच याचा अर्थ.

वासराच्या थायमसमधील डी.एन.ए.शी नव्या जटिलाचे बंधन मोजावे आणि लगेच त्याला पेशीदर्शक म्हणावे, हा मोह कोल्हापूर असो वा अन्यत्र, अभ्यासकाने टाळला पाहिजे. डी.एन.ए. नष्ट करणारे विकर वापरल्यावर दीप्ती मावळते काय? मृत पेशीत दिसलेले चित्र जिवंत पेशीतही दिसते काय? उत्तेजित जटिलापासून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन त्याच डी.एन.ए.ला इजा करीत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर छायाचित्र कितीही देखणे असो, त्याला पुराव्याची योग्यता येत नाही.